चौदा सुयांचा हुकूम

माझे अब्बा मुजावर होते. पिराच्या दर्ग्याची झाडलोट, दिवाबत्ती, लोबान, फातिहा आणि येणाऱ्याचं गाऱ्हाणं ऐकणं, हे त्यांचं काम. गाव चिखली आणि मेहकरच्या मधलं. नाव लिहीत नाही. दर्गा अजून आहे आणि माझे भाऊबंद अजून तिथेच बसतात.

मी चौथीपर्यंत शिकले, तेही मराठीत, कारण गावात उर्दू शाळा नव्हती. घरात आम्ही आमची मुसलमानी बोली बोलायचो आणि बाहेर वऱ्हाडी. इथे घरातलं बोलणंही मराठीतच लिहिते. दादीचं बोलणं मराठीत केलं की जरा सौम्य होतं. ती याहून वाईट बोलायची.

लोक विचारतात, तुम्ही मुसलमान इथे कुठून आलात. कुठूनच नाही. आमचे जुने लोक याच गावचे, विणकर. बाहेरून आला तो पीर. दादी सांगायची, तो उत्तरेकडून पायी आला. जवळ एक तुंबा आणि एक चटई, बाकी काही नाही. गावच्या विहिरीत तेव्हा एका बाईने जीव दिला होता आणि कोणी त्या विहिरीला पोहरा लावत नव्हतं. पिराने सगळ्यांसमोर ते पाणी काढलं आणि प्याला. मग एक बाई होती, अंगात आल्यासारखं करणारी. तिला तेच पाणी पाजलं. ती आधी पाणी पाहून किंचाळली, मग प्याली आणि शांत झाली. ते पाहून विणकरांच्या चार घरांनी पिराचा हात धरला. बाकीच्या गावाने धरला नाही, पण संदलच्या दिवशी, म्हणजे पिराच्या जत्रेला, कबरीवरची पहिली चादर, गिलाफ, पाटलाच्या घरून येतो, तो आजही. हे सगळं खरं की खोटं, मला माहीत नाही. मी तिथे नव्हते.

या गोष्टीवरून आमच्या दर्ग्याची रीत पडली होती. कबरीच्या पायथ्याशी एक रांजण असे. अब्बा त्यातून तांब्या भरत, त्यावर काही पढून फुंकर घालत आणि आजाऱ्यासमोर धरत. प्याला तर आजार साधा. मग अब्बा म्हणत, डॉक्टरकडे जा. पण पाणी पाहून ज्याचं अंग आखडलं, त्याच्या आत दुसरं कोणी आहे आणि ते बाबांच्या पाण्याला भितं. त्याला हाजरी म्हणत. हाजरीवाल्याने चाळीस दिवस दर्ग्यात बसायचं, रांजणाशिवाय दुसरं पाणी घ्यायचं नाही. मी अशा कितीतरी बाया पाहिल्या होत्या. त्या केस सोडून घुमत, शिव्या देत आणि अर्ध्या तासाने तेच पाणी पिऊन भाकर मागत. मला त्यांची भीती वाटत नसे. मी त्यांच्यातच खेळत असे.

दुसरी एक रीत होती. पिराने कोणाला दारातून परत पाठवलं नव्हतं, म्हणून मुजावरानेही पाठवायचं नाही. दर्ग्याची सेवा आमच्या भाऊबंदांत पाळीने चाले. ज्याने कोणाला चौखटीवरून परत लावलं त्याची पाळी गेली. अब्बांच्या पाठीमागे त्यांचे एक चुलतभाऊ, म्हणजे माझे चाचा, पाळीची वाट पाहत बसलेले असत. ते रोज दर्ग्यात येऊन बसत. काम काही करत नसत.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी दहा वर्षांची होते. अम्मा बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, म्हणून दर्ग्यात आलेल्या बायांकडे दादी आणि मी पाहत होतो. हिवाळा होता. जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपारी एक माणूस बायकोला घेऊन आला. जळगाव जामोदकडचा माळी, मिरची आणि कांदा करणारा. तीन बस बदलून आले होते, वाटेत शेगावला माथा टेकून. बरोबर पाचेक वर्षांची मुलगी.

बाई आपल्या पायाने चालत आली. तोंडावर पदर घट्ट धरलेला. मला म्हणाली, "पोरी, वारा लागून राह्यला. दार लोट वं."

दर्ग्याच्या दाराला फळ्याच नव्हत्या. मी तसं सांगितलं. ती कबरीकडे पाठ करून भिंतीशी बसली.

अब्बांनी नेहमीप्रमाणे मोरचेल घेतलं. मोरचेल म्हणजे मोरपिसांचा कुंचा, तो आजाऱ्याच्या डोक्यावरून फिरवतात. त्याचा वारा तोंडावर येताच बाईची मान मागे गेली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्या आणि श्वास अडकला. मग अब्बांनी रांजणात तांब्या बुडवला. तिने पाणी अजून पाहिलंही नव्हतं. नुसता आवाज ऐकून तिचा गळा आतून उडाला आणि ती अशी ओरडली की बाहेर बांधलेल्या बकऱ्यांनी दावी ताणली. मी इतक्या हाजऱ्या पाहिल्या, पण असा आवाज ऐकला नव्हता. घुमणाऱ्या बाया लोकांकडे पाहत ओरडतात. ही कोणाकडे पाहत नव्हती.

तिच्या नवऱ्याने हात जोडले. तो रडत होता, पण आनंदाने. "सापडलं," म्हणाला. "मुजावर साहेब, सापडलं. चार ठिकाणी फिरलो, कोनाले सापडलं नव्हतं."

तिला अंगणातल्या निंबाला साखळीने बांधलं. साखळीखाली गोणपाट गुंडाळलं, घोट्याला लागू नये म्हणून. ते काम दादीने केलं. करताना तिला बाईच्या हनुवटीखाली एक ताजा वण दिसला.

"हे काय बे?" दादीने नवऱ्याला विचारलं.

"कोल्हा, माय. दिवाळीनंतर. मिरचीच्या वाफ्यात त्यानं पोरीची पोटरी धरली. हिनं ओढून काढला, तवा हिच्या तोंडावर आला."

"मंग?"

"मंग काय, तिखट भरलं दोघींच्याबी जखमेत. भरून आली."

"अन् कोल्हा?"

"दुसऱ्या दिवशी नाल्यात मेलेला दिसला. तोंडाले फेस होता."

दादी उठली. तिने आधी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, कुठे ओरखडा आहे का म्हणून. नव्हता. मग राखेने आणि सोड्याने माझे आणि तिचे हात कोपरापर्यंत घासले आणि म्हणाली, बाईच्या थुंकीला हात लावलास तर हात तोडीन. मग अब्बांकडे गेली.

"हाजरी नाही ती," दादी म्हणाली. "पिसाळलेल्या कोल्ह्याचं विष आहे. माझा भाऊ असाच मेला. पाणी दिसलं की नरडं धरायचा."

अब्बा म्हणाले, "अम्मा, रांजणाचं पाणी होतं. साधं नव्हतं."

"मग साधं दाखव."

अब्बा गेले नाहीत. हाजरीवाल्यासमोर दुसरं पाणी न्यायचं नाही ही रीत होती. घरातल्या माठाचं एक भांडं नेलं असतं तर सगळं तिथेच कळलं असतं. ते भांडं कोणीच नेलं नाही. मीही नेलं नाही, दादीनेही नाही. दादी बोलायला मोकळी होती, पण रीत तीही मोडत नव्हती.

शुक्रवारी दुपारी नमाजानंतर बाई थोडा वेळ शुद्धीवर होती. मी लांब उभी राहून तिच्या मुलीला चिंचोक्यांनी खेळवत होते. बाई अगदी साध्या आवाजात बोलली, जशी शेजारीण कुंपणावरून बोलते.

"पोरी, लय तहान लागली. देऊ नको मात्र."

मी आणखी एक पाऊल मागे सरले.

"माह्या पोरीले जवळ येऊ देऊ नको. चावीन मी. मलेच समजत नाही काय होऊन राह्यलं ते."

बाजूला बसलेल्या बाया म्हणाल्या, बोलतं कसं पाहा, आतलंच बोलतं ते. चाचा म्हणाले, "मोठं आहे. लवकर निघणार नाही." ते असं म्हणाले जसा कोणी बैलाचा दाम सांगतो.

शनिवारी सकाळी ती मेली. मी तपशील लिहीत नाही. एवढंच की शेवटी सहा माणसांना धरावं लागलं आणि तिचा नवरा तिच्या कानात सांगत होता, सोड, बाबाचं ऐक, सोड माह्या बायकोले.

पाटलाने लाकडं दिली. गावच्या नदीवर तिला अग्नी दिला. चाचा दर्ग्याच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "या दारातून पहिल्यांदा मुडदा निघाला. तोही तुझ्या पाळीत." अब्बांनी ऐकलं आणि झाडू घेतला.

दुपारी तो माळी अंघोळ करून, ओल्या धोतराने, मुलीचा हात धरून परत आला. म्हणाला, "मुजावर साहेब, तिच्यातलं निघालं ते कुठं गेलं?"

अब्बा अंगण झाडत राहिले.

"या पोरीत गेलं तर? हिलेबी दाखवा बाबाचं पाणी."

अब्बांनी तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला. मुलीने दोन दिवस त्याच तांब्यापुढे आईला पाहिलं होतं. तिने तांब्या बघितला, किंचाळली आणि दोन्ही हातांनी तो लोटून दिला. बसलेली सगळी माणसं एकदम मागे सरकली.

"आलं," माळी म्हणाला. "हिच्यात आलं. चाळीस दिवस इथंच राहतो आता मी."

मी मुलीला घराच्या मागे घेऊन गेले. तिला गुळाचा खडा दिला. मग माठातून जर्मनचा पेला भरून तिच्यापुढे ठेवला आणि तिच्याकडे न पाहता भांडी घासायला लागले. ती गटागटा प्याली. आणखी मागितलं. दुसरा पेलाही प्याली आणि ओठ फ्रॉकला पुसले. मी धावत जाऊन दादीला सांगितलं.

दादी म्हणाली, "म्हणजे विष अजून वर चढलं नाही. वेळ आहे."

तिला माहीत होतं की बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात यावर पोटात चौदा सुया देतात. तिच्या भावाच्या वेळी नव्हत्या, आता होत्या. ती सरळ माळ्याकडे गेली आणि त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. कोल्हा, विष, सुया, चौदा दिवस. चाळीस दिवस इथे बसलास तर पोरगी आईच्या मागे जाईल, हेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो मूर्ख नव्हता.

"माय, तुमची गोष्ट खरी असंल," तो म्हणाला. "पन तिनं पानी पाहून जे केलं ते म्या माह्या डोयानं पाह्यलं. मुजावर साहेबांनी हाजरी सांगतली. आता तुमी सांगता, नाही. मी कोनाचं ऐकू? बाबाचं ऐकतो."

दादी घरात आली. अब्बा चुलीपाशी बसले होते, चूल विझलेली.

"तू सांग त्याला," दादी म्हणाली.

"काय सांगू? इथे होत नाही, जा? चुलतभाऊ बाहेरच बसलेत."

"मग जा म्हणू नकोस. बाबांचा हुकूम सांग. चौदा सुया म्हणून सांग."

इथे हुकूम म्हणजे काय ते सांगायला हवं. अब्बा गिलाफाचं टोक डोक्यावर घेऊन कबरीशी बसत आणि जे मनात येईल ते बोलत. सात जुम्मेरात ये. अकरा लिंबं आण. उत्तरेकडे डोकं करून झोपू नको. लोक ते पिराचं बोलणं मानत. अब्बाही मानत.

अब्बा म्हणाले, "ते मी करणार नाही. बाबांच्या तोंडी मी माझं घालू?"

"रोज काय करतोस?"

"अम्मा!"

"रोज खोटं बोलतोस, आज एक कामाचं बोल."

"मी आजवर एकही खोटं बोललो नाही," अब्बा म्हणाले. ते ओरडले नाहीत. "जे आलं ते बोललो. जेव्हा काही आलं नाही तेव्हा गप्प बसलो. तू पाहिलंय."

हे खरं होतं. कितीदा लोक बसून राहत आणि अब्बा उठून जात, आज काही नाही म्हणून.

"मग जा, बस तिथे," दादी म्हणाली. "येतं का बघ. नाही आलं तर पोरीला लाकडं शोधून ठेव."

अब्बा गेले. मी खांबाआड उभी होते. त्यांनी गिलाफाचं टोक डोक्यावर घेतलं आणि बसले. खूप वेळ बसले. लोबानाची पार राख झाली. माळी समोर हात जोडून, मांडीवर मुलगी. चाचा दाराशी. मी अब्बांची पाठ पाहत होते. नेहमी हुकूम यायच्या आधी त्यांची पाठ डोलायला लागे. त्या दिवशी ती डोलली नाही, भिंतीसारखी सरळ राहिली.

मग ते बोलले. "बुलढाण्याले जा. सरकारी दवाखान्यात. पोरीच्या पोटात चौदा सुया. रोज एक."

माळी म्हणाला, "बाबा सुया सांगते?"

"बाबा सांगते ते मी सांगतो. मी सांगनारा कोन?"

"अन् चाळीस दिवस?"

"सुया झाल्यावर, घरीच. एकबी सुई चुकली तर या दारात येऊ नको. आजची बस धर. पाणी प्यायले थांबू नको."

माळ्याने कबरीपुढे डोकं टेकलं, मुलीला खांद्यावर टाकलं आणि पळत सुटला. चाचा हसले. म्हणाले, "वा. बाबांनी कंपाउंडरी कधी शिकली बे?"

अब्बांनी गिलाफाचं टोक खाली सोडलं आणि नीट केलं. ते एकदा नीट झालं तरी करतच राहिले.

त्यानंतर ते हुकूम द्यायला बसले की त्यांना घाम सुटायचा. पूर्वी जे येत होतं ते खरंच येत होतं की तेही असंच होतं, हे त्यांना आता कळेना. मला त्यांनी हे सांगितलं नाही. दादीला सांगताना मी ऐकलं. दादी म्हणाली, मला काय विचारतोस, मी मुजावर नाही.

मुलीची काही खबर नव्हती. दादी म्हणायची, कोल्ह्याचं विष सहा महिन्यांनीही वर येतं, वर्षानेही. अब्बा पाचही नमाज पढत होते, आता सहावी वेळ पढायला लागले. चिखलीची बस आली की ते बाहेर येऊन उभे राहत. कोणी उतरलं नाही की आत जात.

पुढच्या संदलला माळी आला. मुलगी बरोबर होती. नवा फ्रॉक, तेल लावून घट्ट वेणी. तिने मला जीभ दाखवली आणि पोट उघडं करून सुयांच्या जागा दाखवल्या. मला वाटलं, झालं, संपलं. अब्बा तिच्याकडे पाहून पायरीवरच खाली बसले.

माळी मात्र लोकांत उभा राहून मोठ्याने सांगत होता. "सुया सरकारच्या खऱ्या. पन लागू पडल्या त्या बाबाच्या हुकमानं. हुकमाबिगर टोचल्या असत्या तर नुसतं पानी!" लोक ऐकत होते, माना हलवत होते. संदलला दहा गावची माणसं होती. हिवरा आश्रमाकडची, जालन्याकडची.

दीड महिन्याने पहिला आला. मेंढपाळ, गालावर कुत्रा चावलेला.

"कधी चावलं?" अब्बांनी विचारलं.

"अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस कुठं होता?"

"मागच्या जुम्मेरातीले मेंढ्या लांब होत्या. म्हटलं या जुम्मेरातीले जाऊ, जुम्मेरातीचाच हुकूम पक्का असते."

अब्बा ओरडले. मी त्यांना ओरडताना तेव्हाच पाहिलं. "मले इचारायचं नव्हतं! सरळ बुलढाण्याले जायचं होतं!"

"असं कसं, मुजावर साहेब," मेंढपाळ म्हणाला. "हुकमाबिगर सुई लागू होत नाही. सारे सांगतात."

अब्बांनी डोक्यावर गिलाफही घेतला नाही, तसाच हुकूम सांगितला. तो गेला. परत आला नाही. सुया पुऱ्या करून घरी गेला की मेला, हे कोणी सांगितलं नाही. अब्बांनी विचारायला माणूसही पाठवला नाही.

मग अब्बांनी एक काम सुरू केलं. बस थांबते तिथे वडाखाली जाऊन बसायचे. उतरणाऱ्याच्या अंगावर कुठे फडकं बांधलेलं दिसलं की तिथूनच त्याला उलट्या बसमध्ये घालायचे. दर्ग्याची पायरी चढू द्यायचे नाहीत. काही ऐकत, काही भांडत. एकाने अब्बांना ढकललं, म्हणाला, बाबाच्या दारातून हाकलणारा तू कोण.

चाचांना एवढंच हवं होतं. भाऊबंद निवाड्याला बसले. कोणी आवाज चढवला नाही. विचारलं, माणसं परत लावलीस? अब्बा म्हणाले, लावली. का लावलीस? अब्बा म्हणाले, तो हुकूम बाबांचा नव्हता, माझा होता. मग चाचा म्हणाले, ऐका, आता बाबांच्या हुकमालाही खोटं म्हणतो. पाळी गेली. मोरचेल चाचांच्या हातात गेलं.

पुढच्या जुम्मेरातीला चाचा पहिल्यांदा बसले. समोर एक जवान माणूस, साखरखेर्ड्याकडचा, पोटरीला फडकं. चाचांनी रांजणात तांब्या बुडवला आणि पुढे केला. तो माणूस कुत्रा चावल्याच्या जागेचं दुखणं सोसत होता, मानेने नको म्हणाला, हाताने तांब्या बाजूला केला. चाचा म्हणाले, "चाळीस दिवस."

दादीने मला घरातून पाठवलं. म्हणाली, तुझ्या बापाचं आता कोणी ऐकणार नाही, तू जा, पोरीचं ऐकेल कदाचित. चारची बस आहे. मी गेले. त्याच्या शेजारी बसून हळूच सांगितलं, बुलढाण्याला जा, चौदा सुया आहेत, आता निघालास तर मिळतील.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. चांगला हसरा माणूस होता.

"हा बाबाचा हुकूम हाय का तुहा?"

मी म्हणाले, "माझा."

"मंग तू घे सुया," तो म्हणाला. मग त्याने गाठोडं सोडलं, घोंगडी झटकली आणि ओसरीत चाळीस दिवसांची जागा धरली.